परीक्षानळी फुटू द्या

३० जुलैच्या सुमारास करमाळ्यात भर दुपारी उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. २ ऑगस्टच्या सुमारास सोलापूर शहरात तेच घडतं, आणि पाठोपाठ अक्कलकोटला. वेळ साडेबाराच्या आगेमागे. चार-पाच दिवसांत सूर्य आपला जिल्हा उत्तरेकडून दक्षिणेकडे पार करतो. मे महिन्यात तो उलट दिशेने जातो, पण तेव्हा शाळांना सुट्टी असते. ऑगस्टमध्ये वर्ग भरलेले असतात. ढग आडवे येतात हे खरं. तरी पर्जन्यछायेतल्या आपल्या जिल्ह्यात दुपारी ऊन मिळण्याची आशा कोकणापेक्षा कितीतरी जास्त.

३ ऑगस्टला अक्कलकोटच्या आणि करमाळ्याच्या मुलांनी आपापल्या गावच्या मध्यान्हीला एक मीटरची काठी ओळंब्यात उभी धरली, तर अक्कलकोटला सावली जवळपास शून्य भरेल आणि करमाळ्याला दीड सेंटिमीटरच्या आसपास. दोन्ही गावांमधलं उत्तर-दक्षिण अंतर शंभर किलोमीटरच्या घरात आहे. दीड सेंटिमीटरवरून कोन काढा, अंतराशी त्याचं त्रैराशिक मांडा, की पृथ्वीचा परीघ वहीत उतरतो. इराटोस्थेनिसने बावीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये याच वाटेने तो काढला होता. सूर्याचं बिंब अर्ध्या अंशाचं असल्यामुळे सावलीची कड अंधूक पडते आणि मुलांचं उत्तर थोडं चुकतं. ते का चुकलं याचा शोध घेताना जे शिकणं होतं, ते पुस्तकातल्या कोणत्याही उताऱ्यात नाही.

खर्च किती? एक काठी, एक ओळंबा, एक फूटपट्टी आणि दुसऱ्या शाळेला केलेला एक फोन. परवानगी लागत नाही, निधी लागत नाही. लागतो तो हा प्रयोग आधी एकदा स्वतः करून पाहिलेला शिक्षक. सावलीचं कुठलं टोक मोजायचं, बाराच्या ठोक्याला सूर्य डोक्यावर का नसतो, आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि आपण ७५.९ अंशांवर असल्याने किती मिनिटांचा फरक पडतो, हे एकदा उन्हात उभं राहून ज्याने पाहिलं आहे असा शिक्षक. तो घडवण्याची सोय आपण जिल्ह्यात केलेली नाही. या आठवड्याचं माझं भांडण एवढंच आहे.

प्रशिक्षणं कमी आहेत अशी तक्रार कोणीच करू शकणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासाला द्यायचे आहेत. २०१९ मध्ये 'निष्ठा' हे शिक्षक प्रशिक्षण आलं. 'दीक्षा' या ऑनलाइन मंचावर अभ्यासक्रम आहेत. १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणीचं आणि २४ वर्षांनी निवड श्रेणीचं प्रशिक्षण आहे. केंद्रावर शिक्षण परिषदा भरतात, गटसाधन केंद्रात कार्यशाळा होतात.

आता यातल्या किती तासांत विज्ञान शिक्षकाच्या हातात भिंग आलं, चिमटा आला, तांब्याची तार आली? सुलभक पीपीटी दाखवतात. पूर्वचाचणी होते, उत्तरचाचणी होते. हजेरीचा फोटो लिंकवर चढतो, प्रमाणपत्र उतरतं. राज्यस्तरावर जे सांगितलं गेलं ते जिल्ह्यात थोडं आटून पोहोचतं, तालुक्यात आणखी आटतं, आणि शाळेत पोहोचतो तो फक्त अहवालाचा नमुना. शिक्षक बसून ऐकतो, कारण त्याला बसवून ऐकवलं जातं. मग वर्गात जाऊन तोही मुलांना बसवून ऐकवतो. सोलापूरला हे सांगावं लागू नये. मागावर न बसवता या गावात एकही विणकर तयार झालेला नाही.

अंतराचाही विचार करा. जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था माळशिरस तालुक्यात वेळापूरला आहे. सोलापूर शहरापासून ती शंभर किलोमीटरच्या आसपास. कर्नाटक सीमेलगतच्या अक्कलकोटमधल्या शाळेपासून आणखी दूर. अकरा तालुक्यांच्या जिल्ह्यात संस्था कुठेतरी एका टोकाला असणारच. पण मग शिक्षकाने महिन्याला सहज गाठावी अशी जागा प्रत्येक तालुक्यात हवी होती. आज तालुक्याच्या गटसाधन केंद्रात खुर्च्या आहेत, प्रोजेक्टर आहे, प्रयोगाचं टेबल नाही.

आता शाळेतल्या कपाटाकडे वळू. बऱ्याच शाळांत विज्ञान पेटी आहे. पेटीला कुलूप आहे, आणि पेटीतल्या प्रत्येक वस्तूची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात आहे. काचेचं चंचुपात्र फुटलं तर ते कमी करायला कागद फिरवावे लागतात, तपासणीत उत्तर द्यावं लागतं, बदलीच्या वेळी चार्ज देताना हिशेब जुळवावा लागतो. पेटी न उघडणाऱ्या शिक्षकाला मात्र कोणी काही विचारत नाही, त्याचं रजिस्टर स्वच्छ असतं. प्रयोग करणाऱ्याला धाक आणि न करणाऱ्याला निर्धास्त झोप, अशी ही व्यवस्था आपण स्वतःच्या हाताने उभी केली आहे. परीक्षानळी ही वापरून संपणारी वस्तू आहे. खडूसारखी तिची नोंद खर्चात पडली पाहिजे. खुर्ची-टेबलाच्या पंक्तीत तिला बसवणाऱ्याने कधी नळीत पाणी तापवलेलं नाही.

पैशाचं बघू. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला जे संयुक्त अनुदान मिळतं, ते ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये आणि १०० पर्यंत पट असेल तर २५,००० रुपये. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेला. उरलेल्यात वीजबिल, खडू, कागद, किरकोळ दुरुस्ती. वस्तीवरच्या शाळेत यातून लिटमस कागदाची पट्टी तरी येईल का? दुसरीकडे २०१६ पासून निवडक शाळांना अटल टिंकरिंग लॅबसाठी २० लाखांपर्यंत मिळतात. तिथे त्रिमितीय छपाईचं यंत्र येतं, फीत कापली जाते. मी त्या लॅबच्या विरोधात नाही. पण एका शाळेत २० लाख आणि तिच्या शेजारच्या शाळेत आम्ल-आम्लारी ओळखायला कागद नाही, हे अंतर ज्यांना टोचत नाही त्यांनी विज्ञान प्रसारावर भाषणं देऊ नयेत.

आणि गुणांचं. दहावीला विज्ञानाचे दोन लेखी पेपर ४०-४० गुणांचे, प्रात्यक्षिक व अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण. हे २० शाळेच्या हातात. म्हणून प्रयोगवही फळ्यावरून उतरवली जाते, निरीक्षणाचे आकडे सगळ्या वर्गाचे एकच येतात, आणि २० पैकी २० पडतात. चाळीस मुलांच्या लंबकाचा आवर्तकाल शंभराव्या भागापर्यंत सारखा असूच शकत नाही. ज्या शिक्षकाने स्वतः लंबक मोजला आहे त्याला हे आकडे पाहून राग यायला हवा. राग येत नाही, कारण मोजायची वेळ त्याच्यावर कोणी आणलेलीच नाही.

हे वेगळं होऊ शकतं का? झालेलं आहे. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ उच्च प्राथमिक शाळांपासून विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला, आणि १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो उभा केला. १९८२ पासून 'एकलव्य'ने पुढे नेला. तिथे प्रशिक्षणाला आलेला शिक्षक मुलांचं पुस्तक उघडायचा आणि त्यातले प्रयोग मुलांसारखे करायचा. चुकायचा, भांडायचा, पुन्हा करायचा. शाळेला किट मिळायचं. दर महिन्याला परिसरातले शिक्षक एकत्र बसायचे, मागच्या महिन्यात कुठला प्रयोग फसला ते एकमेकांना सांगायचे आणि पुढचे प्रयोग करून पाहायचे. परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती आणि प्रयोगाची परीक्षा खरोखर व्हायची. सरकारी शाळा, सरकारी शिक्षक, साधी गावं. २००२ मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं तो चालला हे मात्र कोणत्याही सरकारी आदेशाने पुसता येणार नाही.

त्या कार्यक्रमात १९७८ मध्ये सामील झालेल्या एका इंजिनिअरने आठवडी बाजारातून सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणली, तिने काडेपेटीच्या काड्या जोडल्या आणि त्रिकोण, घन, चतुष्फलक उभे केले. ते अरविंद गुप्ता. पुढे २००३ पासून अकरा वर्षं ते पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. टाकाऊ वस्तूंच्या शेकडो खेळण्यांची कृती त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छोट्या चित्रफितींतून खुली करून ठेवली, मराठीतसुद्धा. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून काम करतं आहे. त्याच दशकात जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या परिसरातल्या शाळांत केंद्राने काम केलं, पुढे प्राथमिक शाळेसाठी 'हलकं-फुलकं विज्ञान' तयार केलं. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला आणि हातांनी काम करत शिकण्याचा रस्ता दाखवला. महाराष्ट्राजवळ साधनं आहेत, कृती आहेत, माणसं आहेत. सोलापूरच्या शिक्षकापर्यंत ती नेणारा हात नाही.

आणि सगळं बाहेरून आणायची तरी काय गरज? आपला जिल्हाच प्रयोगशाळा आहे. दहावीत प्रकाशाचं अपवर्तन शिकवतात ते काचेच्या चिपेवर. इथे ऊस आणि डाळिंब पिकवणाऱ्या घरातल्या पोराला रसातली साखर सांगणारा 'ब्रिक्स' हा शब्द पाठ असतो. रसाचा थेंब ज्या रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून ब्रिक्स पाहतात, ते उपकरण अपवर्तनावरच चालतं. साखर कारखान्यात उसाच्या रसात चुना घालून आम्लता मारतात, तो उदासिनीकरणाचा धडा. सूत रंगवायला कॉस्टिक सोडा लागतो, तो आम्लारीचा धडा. त्याच्या द्रावणाचा थेंब हळदीच्या कागदावर टाका, कागद लाल होताना मुलं पाहतील. सोलापुरी चादरीवरची नक्षी जेकार्डवर निघते: पत्त्यावर भोक आहे किंवा नाही, तेवढ्यावर कुठला धागा उचलायचा ते ठरतं. संगणकाचं शून्य आणि एक इथून समजावता येतं. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं. लाल कुठल्या धातूच्या क्षारामुळे, हिरवा कुठल्या, हे विचारायला त्याहून चांगली रात्र कुठली?

उजनी घ्या. दर उन्हाळ्यात पेपरात बातमी येते, 'उजनी उणे अमुक टक्के'. पाणी उणे कसं असेल, हा प्रश्न प्रत्येक मुलाला पडलेला असतो. उजनीचा मृतसाठा ६३ टीएमसीहून जास्त आणि उपयुक्त साठा ५३ टीएमसीच्या आसपास. शून्याची खूण कुठे मारली आहे, ते सांगितलं की मापनाचा सगळा पाया एका तासात पक्का होतो. ज्वारी घ्या. रब्बीत वर्षानुवर्षं पेरली गेलेली एम ३५-१ ही मालदांडी १९३० च्या दशकात आपल्याच मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडून काढली गेली. निवड, आनुवंशिकता, कोरडवाहू काळी माती, सगळं बांधावर उभं आहे. नान्नजच्या माळरानावर माळढोकचं अभयारण्य आहे. परिसंस्थेचा धडा आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशापासून कशाला सुरू करायचा?

पुणे रस्त्यावर केगावकडे जा. तिथे विद्यापीठ आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, विज्ञान केंद्र आहे. पदव्युत्तर विभागांच्या प्रयोगशाळा, शास्त्रज्ञ आणि मुलांसाठी मांडलेली उपकरणं, हे सारं एकाच रस्त्यावर. जिल्ह्यातल्या विज्ञान शिक्षकाला तिथे जायचा एकच मार्ग आज आहे: सहलीच्या बसमधून, मुलांची डोकी मोजत. महिन्यातला एक शनिवार त्याला एकट्याला तिथे काम करू द्या. पदव्युत्तर वर्गाची मुलं मदतीला द्या. त्यांनाही उद्या शिकवायचंच आहे.

परितेवाडीचा उल्लेख इथे होणारच. माढा तालुक्यातल्या त्या जिल्हा परिषद शाळेच्या रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. दहा लाख डॉलरमधली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्यांनी आपल्या वर्गासाठी केलेली क्यूआर कोडची कल्पना बालभारतीच्या पुस्तकांत आली. जिल्ह्याची मान उंच झाली, सत्कार झाले. सत्कार करणाऱ्यांनी त्यातून धडा मात्र घेतला नाही. वस्तीवरचा शिक्षक मोकळीक मिळाली तर जगाला देण्याजोगं काही करतो, हे सिद्ध झाल्यावर ती मोकळीक पुढच्या शंभर जणांना द्यायची होती. एका माणसाच्या बक्षिसावर सगळ्या जिल्ह्याने समाधान मानायचं नसतं.

शिक्षकांनाही मी सोडणार नाही. प्रशिक्षणाला जाऊन मागच्या बाकावर मोबाइल चाळणारे आहेत. व्हिडिओ चालू ठेवून तास भरणारे आहेत. 'साहित्य नाही' हे काही जणांचं कायमचं उत्तर आहे, आणि हळद, चुना, भिंग, सावली यांना ते लागू पडत नाही. विज्ञान शिकवणाऱ्याला वर्षभरात एकदाही स्वतःहून काही करून बघावंसं वाटलं नाही, तर त्याचा दोष शासनाच्या माथी मारता येणार नाही. पण त्याचा वेळ कुठे जातो तेही बघा. निवडणूक, जनगणना आणि आपत्ती निवारण सोडून शिक्षकाला इतर अशैक्षणिक काम देऊ नये, असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं. ऑनलाइन माहिती भरण्याचं काम त्या कलमाला वळसा घालून वर्गात शिरलं आहे. संध्याकाळपर्यंत तक्ते भरणाऱ्याने उद्याच्या प्रयोगाची तयारी कधी करायची?

तक्रार करून थांबत नाही, मागतो आहे.

एक. प्रत्येक केंद्रावर महिन्यातून एक पूर्ण दिवस विज्ञान शिक्षकांनी पुढच्या महिन्याचे प्रयोग स्वतः करावेत. भाषण नको, पीपीटी नको, प्रमाणपत्र नको. हे तास ५० मध्ये धरा.

दोन. काच, रसायनं, तारा, सेल हे सगळं डेडस्टॉकमधून काढून खर्चाच्या नोंदीत टाका. तपासणीला आलेल्या विस्तार अधिकाऱ्याने विचारावं, 'या महिन्यात काय फुटलं, काय संपलं?' काहीच फुटलं-संपलं नसेल, तर शेरा तिथे मारावा.

तीन. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, जिल्ह्यात उर्दू शाळा आहेत, शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी घरं आहेत. प्रयोगाच्या कृती त्या भाषांतही द्या. त्या शाळांतले शिक्षकच त्या लिहितील, त्यांना मानधन द्या.

चार. दहावीच्या २० गुणांच्या प्रात्यक्षिकाला दुसऱ्या शाळेचा शिक्षक पाठवा आणि मुलाला त्याच्यासमोर मोजायला लावा.

पाच. वर्षाला प्रत्येक केंद्राला २५,००० रुपये, फक्त संपणाऱ्या साहित्यासाठी, जिल्हा परिषदेच्या सेस फंडातून.

पाचव्या मागणीसाठी मुंबईकडे बघावं लागत नाही. निर्णय सोलापुरातच होतो. मार्चमध्ये जिल्हा परिषदेचं अंदाजपत्रक येईल. शिक्षण विभागाच्या पानावर ही एक ओळ मी शोधणार आहे. ती नसेल, तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात याच सदरात विचारीन की ती कोणाच्या टेबलावर अडली, आणि ज्यांच्या टेबलावर अडली त्यांचं पदही लिहीन.